पहिल्यांदाच नॅरोबोट घेताय? आधी कालवा, मग नदी: ब्रॅडफर्ड ते बाथ आणि पुढे एव्हन

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना कालव्यावरची ती लांबडी रंगीत बोट, म्हणजेच नॅरोबोट, काठच्या वाटेवरून फिरताना दिसते, फोटो काढले जातात आणि मग कुणीतरी म्हणतं की आपल्याला कुठे जमणार हे, लायसन लागत असेल. लायसन लागत नाही. भाड्याची बोट चालवायला ब्रिटनमध्ये कसलीही परीक्षा नाही, ताब्यात देताना ते लोक तास-दोन तास शिकवतात आणि मग बोट तुमची. मी आत्तापर्यंत चार वेळा गेलेय, त्यातल्या तीन वेळा केनेट अँड एव्हन कालव्यावर, आणि त्यातही एकदा आई-बाबा नाशिकहून आलेले असताना सगळे सहाजण. ओळखीतले तीन-चार जण तेच तेच विचारतात म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. पहिले दोन दिवस कालव्यावरच राहा, हात बसू दे, आणि नंतरच नदीवर उतरा. कालव्याचं पाणी जवळजवळ उभं असतं, चूक झाली तर बोट काठाला टेकते आणि विषय संपतो. नदीला ओढ असते, पुढे बंधारा असतो, तिथे चूक सुधारायला वेळ मिळत नाही. आणि हे दोन्ही एकाच छोट्या सुट्टीत, एकाच ठिकाणी शिकायला मिळतं ते या मार्गावर, म्हणून मी नवख्यांना हाच सांगते.

मार्ग कोणता आणि हाच का

आपल्याकडे कालवा म्हटलं की शेतीचं पाणी, म्हणजे पुण्यातून वाहणारा मुठा उजवा कालवा किंवा नाशिककडे गंगापूरचा. इकडचे हे जुने कालवे माल वाहायला खणलेले आहेत, कोळसा, दगड, धान्य, सगळं बोटीत भरायचं आणि काठावरून घोडा दोराने ओढत न्यायचा. तो घोड्याचा रस्ता म्हणजेच टोपाथ, ज्यावरून आता लोक सायकली चालवतात.

केनेट अँड एव्हन हा पूर्ण मार्ग रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत ८७ मैलांचा, पण तो सगळा खणलेला नाही. दोन टोकांना दोन नद्या आहेत आणि मध्ये कालवा. रेडिंग ते न्यूबरी केनेट नदी १७२३ मध्ये बोटींसाठी तयार झाली, ब्रिस्टल ते बाथ एव्हन नदी १७२७ मध्ये, आणि मधला ५७ मैलांचा तुकडा जॉन रेनी या इंजिनिअरने १७९४ ते १८१० या काळात बांधून दोन नद्या जोडल्या. तीस वर्षं बरी गेली आणि १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे सुरू झाली, धंदा गेला, १८५२ मध्ये रेल्वे कंपनीनेच कालवा घेऊन टाकला. पुढे शंभर वर्षांत तो गाळ आणि गवताने भरून बंद पडला होता. मग गावोगावच्या लोकांनी, निवृत्त माणसांनी, शाळेच्या पोरांनी, शनिवार-रविवार चिखलात उतरून वर्षानुवर्षं तो साफ केला आणि १९९० मध्ये राणीच्या हस्ते पुन्हा उघडला. मला या कालव्याबद्दल सगळ्यात जास्त आपुलकी वाटते ती याचमुळे, आणि म्हणून लॉक, म्हणजे बोट वर-खाली करणारी दारांची पाण्याची पायरी, वापरताना घाईघाईत दार आपटू नका असं मी बोटीवर प्रत्येकाला सांगते.

आपला तुकडा पश्चिमेचा. ब्रॅडफर्ड ऑन एव्हन या गावातून निघायचं, साधारण नऊ मैल एकही लॉक नाही, मग बाथ शहरात सहा लॉक उतरून एव्हन नदीत जायचं आणि जमलं तर नदीने सॉल्टफर्डपर्यंत. त्याच वाटेने परत. पहिल्या नऊ मैलांत लॉक नाही म्हणजे फक्त बोट हाकायला शिकायला अख्खा दिवस मिळतो. याउलट पूर्वेला डिव्हायझेस गावाच्या बाजूला जाऊ नका, तिथे केन हिल म्हणून २९ लॉकची चढण आहे, त्यातली १६ एका सरळ रेषेत, बघायला जरूर जा पण बोट घेऊन पहिल्या वेळी नको.

बुकिंग करताना

भाड्याच्या बोटींचा सीझन साधारण मार्च-एप्रिल ते ऑक्टोबर. शाळेच्या सुट्ट्यांत भाडं चांगलंच चढतं, त्यामुळे मुलं लहान असतील तर मेचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर बघा. शुक्रवार ते सोमवार तीन रात्री किंवा सोमवार ते शुक्रवार चार रात्री असे पर्याय असतात. नदीवर जायचं असेल तर चार रात्रीच घ्या, तीन रात्रीत नुसती पळापळ होते. ब्रॅडफर्ड, हिल्परटन, मंक्टन कूम, बाथ असे चार-पाच ठिकाणी बोटींचे तळ आहेत. बुक करताना हे प्रश्न स्पष्ट विचारा: आम्हाला नदीवर नेता येईल का, कुठपर्यंत, आणि पाणी चढलं तर काय. काही जण नवख्यांना नदीवर सोडत नाहीत, काही ब्रिस्टलजवळच्या हनम लॉकच्या पुढे जाऊ देत नाहीत कारण पुढे भरतीचं पाणी येतं. लाइफजॅकेट सगळ्यांच्या मापाची मिळतात का तेही विचारा, मुलांची आणि आजी-आजोबांची दोन्ही.

बोटीच्या लांबीचा मोह टाळा. नॅरोबोट रुंदीला सगळ्या सारख्याच, सहा फूट दहा इंच, लांबी मात्र तीस-पस्तीस फुटांपासून सत्तर फुटांपर्यंत. सहा माणसांना सत्तर फुटी बोट ऐसपैस वाटते पण ती वळवायला प्रत्येक ठिकाणी जागा नसते. आम्ही सहाजण ५८ फुटीत मजेत राहिलो, दिवाणखान्यातलं टेबल काढून पलंग होतो.

आणखी एक, आई-बाबांचे गुडघे. बोटीत चढायला-उतरायला पायरी उंच असते आणि आत उतरायला तीन-चार उभ्या पायऱ्या. मागे मोठा डेक असलेली बोट मागा म्हणजे हाकणाऱ्याबरोबर दोघं-तिघं उभे राहू शकतात, नाहीतर एकटाच मागे आणि बाकी सगळे पुढे, गप्पा मारता येत नाहीत.

काय न्यायचं

चाकांच्या मोठ्या बॅगा नकोत, ठेवायला जागाच नाही, मऊ पिशव्या आणा ज्या घडी करून पलंगाखाली सरकवता येतात. रबरी तळाचे बूट, पावसाचं जॅकेट जूनमध्येसुद्धा, आणि जाड हातमोजे कारण ओले दोर हाताला लागतात. टॉर्च. चष्म्याला दोरी.

स्वयंपाकघर पूर्ण असतं, गॅस, ओव्हन, छोटा फ्रिज. प्रेशर कुकर न्या, खरंच न्या, दिवसभर वाऱ्यात उभं राहून संध्याकाळी गरम वरण-भात आणि लिंबाचं लोणचं यासारखं काही नाही. मिक्सर नेऊ नका, बोटीची वीज बॅटरीवरची असते, केटल, हेअर ड्रायर, मिक्सर असल्या जास्त वीज ओढणाऱ्या वस्तूंनी ती बसते. चटणी घरूनच वाटून न्या. आणि फोडणी देताना खिडक्या आणि पुढचं दार उघडा, छत डोक्याला लागेल इतकं खाली आहे, मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजायला लागतो. अलार्मची बॅटरी मात्र काढून ठेवायची नाही, कितीही वैताग आला तरी. शेजारीच कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो, बंद लोखंडी खोलीत गॅस आणि शेगडी असताना तोच जीव वाचवतो.

पाण्याची टाकी रोज भरायची सवय लावा. वाटेत नळ असतात, भरायला अर्धा-पाऊण तास लागतो. सहा माणसं आंघोळ करतात तेव्हा टाकी कधी संपते कळत नाही. संडासात कागदाशिवाय काहीही टाकायचं नाही हे मुलांना पहिल्या तासाला सांगा.

बोट हाकणं

मागे उभं राहून एका दांड्याने बोट वळवायची, त्याला टिलर म्हणतात. दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं. हे डोक्याला कळतं पण हाताला कळायला तासभर जातो, म्हणून पहिला तास एकाच माणसाने हाका, दर पाच मिनिटांनी हात बदलू नका. दुसरं म्हणजे बोट गाडीसारखी पुढून वळत नाही, ती साधारण मध्यावर फिरते, तुम्ही नाक उजवीकडे नेलं की शेपूट डावीकडे झुकते आणि तिथे दुसऱ्याची बोट बांधलेली असू शकते. नजर पुढे ठेवा पण शेपटीचं भान सोडू नका.

ब्रेक नाही. थांबायचं तर इंजिन न्यूट्रलला आणायचं, मग रिव्हर्स टाकायचा आणि वाट बघायची. पंधरा-वीस टनांचं लोखंड आहे ते, हळूहळूच थांबतं. रिव्हर्समध्ये टिलर जवळपास काम करत नाही त्यामुळे आधी बोट सरळ करा आणि मग रिव्हर्स. आणि हे फार महत्त्वाचं, बोट कशावर आदळणार असं दिसलं तर हाताने किंवा पायाने अडवायला कोणीही जायचं नाही. आदळू दे. बोटीला काही होत नाही, मध्ये सापडलेल्या पायाचं हाड मात्र मोडतं. माझ्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी पुलाच्या भिंतीला पाय लावायला पुढे केला होता, मी ओरडले म्हणून मागे घेतला, आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

वेगमर्यादा ताशी चार मैल. प्रत्यक्षात तुम्ही अडीच-तीननेच जाल, कारण या पट्ट्यात काठाला बांधलेल्या बोटींची रांग असते, मैलच्या मैल. त्यात लोक कायमचे राहतात, ती त्यांची घरं आहेत. त्यांच्या बाजूने जाताना इंजिन अगदी मंद करायचं आणि ते पहिली बोट येण्याच्या आधीच, समोर आल्यावर नाही. जोरात गेलात तर तुमच्या पाण्याच्या ओढीने त्यांचे खुंटे उपटतात, आत गॅसवर चहा असतो तो सांडतो. हात केलात तर सगळे हात करतात.

समोरून बोट आली तर रस्त्याच्या उलट, आपण उजवीकडे राहायचं. इंग्लंडमध्ये रोज गाडी चालवणाऱ्याचा हात आपोआप डावीकडे जातो त्यामुळे पहिल्या दिवशी मोठ्याने म्हणा, उजवीकडे.

पहिला दिवस: ब्रॅडफर्ड ते डंडस

दुपारी दोन-तीनला बोट ताब्यात मिळते. शिकवणी चालू असताना सगळ्यांनी ऐका, फक्त हाकणाऱ्याने नाही, आणि फोनवर व्हिडिओ काढून ठेवा, विशेषतः वीड हॅचचा. म्हणजे बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यावरचं झाकण. पंख्यात प्लास्टिक, दोर, कापड अडकलं की इंजिन बंद करून, किल्ली काढून, तिथून हात घालून ते काढायचं असतं. झाकण परत घट्ट बसवलं नाही तर बोटीत पाणी शिरतं, म्हणून दोघांनी तपासा.

वेळ असेल तर निघायच्या आधी ब्रॅडफर्डमध्ये कालव्याला लागूनच असलेलं चौदाव्या शतकातलं टाइद बार्न बघून या, दगडी धान्यकोठार, वर लाकडी तुळयांचं छत. पाच मिनिटांचं चालणं.

निघाल्यावर साधारण दीड मैलावर एव्हनक्लिफ येतं. इथे कालवा अॅक्विडक्टवरून नदी ओलांडतो, म्हणजे खाली नदी, वर पूल, आणि पुलावर पाणी आणि पाण्यात आपली बोट. मुलांना हे समजावायला जाऊ नका, नुसतं दाखवा. या अॅक्विडक्टच्या दोन्ही टोकांना वळण एकदम काटकोनातलं, पलीकडचं काही दिसत नाही. एक माणूस पुढे नाकावर पाठवा, भोंगा वाजवा, अगदी मंद व्हा, समोरून कोणी नाही याची खात्री करा आणि मगच वळा. जमत नसेल तर एकाला काठावर उतरवून पुढे चालत पाठवा, तो हात करून सांगेल. शेजारी क्रॉस गन्स पब आहे, आणि पिटुकलं रेल्वे स्टेशन.

पुढची दरी माझी सगळ्यात आवडती. नदी, कालवा, रेल्वे आणि रस्ता चारही एकाच अरुंद दरीतून जातात, दोन्ही बाजूंना झाडी. बांधताना आणि नंतरही या भागाने फार त्रास दिला, जमीन सरकायची, पाणी गळून जायचं, वर्षानुवर्षं हा तुकडा कोरडा पडला होता, शेवटी तळाला काँक्रीट घालून पुन्हा भरला. काठ इथे बऱ्याच ठिकाणी उथळ आहेत, बांधायला जागा बघताना बोट टेकली तर घाबरू नका, पुढे जोर लावू नका, हळू रिव्हर्स घ्या आणि सगळ्यांना दुसऱ्या बाजूला उभं करा.

मग डंडस अॅक्विडक्ट. कालवा कंपनीच्या पहिल्या अध्यक्षांच्या, चार्ल्स डंडस यांच्या नावाचा, १८०५ मध्ये सुरू झालेला, बाथच्या पिवळसर दगडातला, मधली कमान ६४ फुटांची. रेनीला खरं तर वीट वापरायची होती, कंपनीने जवळच्या खाणीचा दगड वापरायला लावला आणि तो दगड पुढे ठिकठिकाणी ढासळला. तरीही इतका देखणा पूल मी पाण्यावर दुसरा पाहिला नाही. संध्याकाळी इथेच आसपास मुक्काम करा आणि खाली उतरून कमान नदीच्या पातळीवरून बघा, वरून तिचा अंदाजच येत नाही.

बांधायची रीत अशी की आधी मधला दोर घेऊन एकजण काठावर उतरतो, उडी मारायची नाही, बोट काठाला लागल्यावर पाऊल टाकायचं. मग पुढचा, मग मागचा. लोखंडी पत्र्याचा काठ असेल तर आकडे अडकवायचे, मातीचा असेल तर खुंटे ठोकायचे, आणि खुंट्यावर पांढरी पिशवी बांधा म्हणजे अंधारात कोणी सायकलवाला अडखळत नाही. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन बंद, हा नियम आहे आणि शेजारी झोपलेले असतात. अंधारात बोट चालवायची नाही.

दुसरा दिवस: क्लॅव्हरटनवरून बाथ

वाटेत क्लॅव्हरटनचा पंप लागतो, १८१३ पासूनचा. नदीच्याच पाण्यावर मोठं चाक फिरतं आणि तेच चाक नदीचं पाणी ४८ फूट वर कालव्यात चढवतं, कोळसा नाही, वीज नाही. आतमध्ये बघायला ठराविक दिवशीच उघडं असतं, तारीख जुळली तर नक्की जा, बाबा तिथून हलायलाच तयार नव्हते.

बाथॅम्पटनला द जॉर्ज नावाचा पब अगदी काठावर, आणि त्याआधी-नंतर बांधलेल्या बोटींची गर्दी. इथे एक फिरता पूल आहे, एकाने उतरून ढकलून उघडायचा, बोट गेली की बंद करायचा. मग बाथ शहर उजव्या हाताला खाली दिसायला लागतं.

सिडनी गार्डन्समध्ये शिरताना वेग आणखी कमी करा. दोन छोटे बोगदे, १८०० साली ओतलेले दोन लोखंडी पूल, आणि एका बोगद्याच्या बरोब्बर वर क्लीव्हलंड हाउस, जिथे कालवा कंपनीचं ऑफिस होतं. बोगद्याच्या छताला एक भोक आहे, त्यातून वरचे कारकून खालच्या बोटवाल्यांशी कागदपत्रांची देवाणघेवाण करायचे असं सांगतात. वर बघायला पुढे बसलेल्यांना सांगा, हाकणाऱ्याने फक्त समोर बघायचं.

पहिल्या मुक्कामानंतर दुपारपर्यंत इथे पोचता. लॉक आजच करायची घाई करू नका. वरच बांधा, बाथ बघा. टोपाथवरून काही लॉक चालत चालत बघून घ्या, दुसरे लोक कसे करतात ते अर्धा तास उभं राहून बघा, हवं तर दार ढकलायला मदत करा, सगळे खूश होतात आणि तुम्हाला फुकटचा सराव होतो. आमच्या वेळी एका आजोबांनी माझ्या मुलाला पूर्ण लॉक समजावून सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी तोच आम्हाला सूचना देत होता.

लॉक: उतरताना

लॉक म्हणजे पाण्याची एक पायरी. दोन्ही टोकांना दारं असलेली दगडी पेटी, बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी काढायचं, बोट पाण्याबरोबर खाली जाते, पुढचं दार उघडायचं. पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांना पॅडल म्हणतात आणि त्या फिरवायच्या हँडलला विंडलास.

उतरताना क्रम असा. लॉक भरलेलं आहे का बघा. नसेल तर समोरून वर येणारी बोट नाही ना ते आधी बघा, असेल तर तिला येऊ द्या, पाणी वाया घालवायचं नाही. खालची दारं आणि खालची पॅडल बंद आहेत याची खात्री करून वरची पॅडल उघडून भरा. पाणी समान झालं की दार हाताने ढकलून उघडतं, समान नसेल तर दहा माणसांनी ढकललं तरी उघडत नाही, म्हणून कधीही जबरदस्ती नको. बोट आत घ्या, वरचं दार लावा, वरची पॅडल खाली. आता खालची पॅडल हळूहळू, आधी अर्धी, मग पूर्ण.

इथे खरा धोका आहे, नीट वाचा. वरच्या दाराच्या आत पाण्याखाली एक दगडी ओटा पुढे आलेला असतो, त्याला सिल म्हणतात. लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही. पाणी खाली जायला लागलं आणि बोटीची शेपूट त्या ओट्यावर राहिली तर शेपूट वरच अडकते, नाक खाली जातं आणि बोट काही मिनिटांत बुडते. भिंतीवर पांढरी रेघ असते, बोट पूर्णवेळ त्या रेघेच्या पुढे ठेवायची. हाकणाऱ्याने एक डोळा सतत रेघेवर ठेवायचा, फोन खिशात, गप्पा बंद. काही विचित्र वाटलं, बोट एका बाजूला कलली, दोर ताणला, की ओरडायचं आणि पॅडलवरच्या माणसाने कारण न विचारता खालची पॅडल बंद करायची. आम्ही त्यासाठी एकच शब्द ठरवलाय, "बंद!", आणि तो मस्करीत कोणी वापरायचा नाही.

उतरताना दोर खुंटाला गाठ मारून बांधायचा नाही, बोट खाली जाते आणि दोरावर टांगली जाते. नुसता वेढा घालून हातात धरा, हाताला गुंडाळू नका. विंडलास पॅडलवर तशीच सोडून जाऊ नका, सुटली की गरगर फिरून दात पाडेल.

या कालव्याची लॉक १४ फूट रुंद, म्हणजे दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. दुसरी बोट सोबत मिळाली तर बरंच, पाणी वाचतं आणि हात वाढतात. एकटेच असाल तर बोट इकडेतिकडे हलते. चढताना तर जास्तच, त्यामुळे परतीच्या वाटेवर बोट ज्या भिंतीला आहे त्याच बाजूचं जमिनीतलं पॅडल आधी थोडं उघडा, पाणी बोटीखालून जाऊन समोरच्या भिंतीवरून परततं आणि बोटीला आपल्याच भिंतीला धरून ठेवतं. दारातली पॅडल मात्र शेवटी, ती आधी उघडली तर पाण्याचा लोट थेट पुढच्या डेकवर येतो.

बाथच्या सहा लॉकमध्ये एक बाथ डीप लॉक आहे, १९ फूट ५ इंच खोल. मूळची दोन लॉक होती, मध्ये रस्ता आला म्हणून १९७६ मध्ये एकत्र केली. खाली गेल्यावर विहिरीच्या तळाशी उभं असल्यासारखं वाटतं, भिंती शेवाळलेल्या, वर आभाळाचा तुकडा. लहान मुलांना या लॉकमध्ये बोटीच्या आत किंवा मोठ्यांबरोबर काठापासून लांब ठेवा. सहा लॉकना नवख्यांना अडीच तास धरा.

नदी

शेवटचं लॉक उघडायच्या आधी चालत पुढे जाऊन नदी बघून या. नदीच्या लॉकजवळ पाण्याच्या पातळीचे रंगीत पट्ट्यांचे फलक असतात. हिरवा असेल तर जा. पिवळा म्हणजे पाणी चढतंय, नवख्यांनी जायचं नाही. लाल म्हणजे कोणीच जायचं नाही. आदल्या दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला असेल तर बोटवाल्यांना फोन करून विचारा, आणि नको म्हणाले तर वाद घालू नका. आमची एक फेरी अशीच बाथच्या वरच संपली होती, सगळ्यांचा हिरमोड झाला, पण खालचं तपकिरी फुगलेलं पाणी बघितल्यावर कोणी एक शब्द बोललं नाही.

उतरायच्या आधी सगळ्यांना लाइफजॅकेट, पोहता येणाऱ्यांनासुद्धा. नांगर पुढच्या डेकवर, साखळी बोटीला बांधलेली आहे का तपासा, कारण नदीत इंजिन बंद पडलं तर तोच बोट बंधाऱ्यापासून लांब ठेवतो. लॉकमधून बाहेर येताना प्रवाह बाजूने धक्का देतो, त्यामुळे थोडा जास्त जोर देऊन निश्चयाने बाहेर पडा. वरच्या अंगाला पल्टनी ब्रिज आणि त्याखालचा घोड्याच्या नालेसारखा बंधारा, १७७४ चा पूल, पोस्टकार्डावरचं बाथ म्हणजे हेच. तिकडे नवख्यांनी बोट नेऊ नका, पायी जाऊन बघा. आपण खालच्या अंगाला वळायचं, ब्रिस्टलच्या दिशेने.

पुढे वेस्टन, केल्स्टन, सॉल्टफर्ड अशी लॉक येतात. प्रत्येक लॉकजवळ नदी दोन वाटांना फुटते, एक लॉककडे आणि एक बंधाऱ्याकडे. पाट्या असतात, पण त्या शोधायला एक माणूस पुढे दुर्बिणीसारखे डोळे लावून बसलेला हवा. वाट नक्की कळेपर्यंत पुढे जायचं नाही. नदीवर थांबताना नेहमी नाक प्रवाहाच्या विरुद्ध करून काठाला लागा, पाणीच बोटीला आवरतं. प्रवाहाबरोबर येऊन थांबायचा प्रयत्न केलात तर बोट निसटत जाते. म्हणजे खाली जाताना बोट बांधायचा धक्का दिसला तर त्याच्या पुढे जायचं, रुंद जागी बोट फिरवायची, आणि परत वर येऊन बांधायचं. रात्री पाणी वर-खाली होतं म्हणून दोर थोडा सैल ठेवा.

सॉल्टफर्डचं लॉक १७३८ मध्ये कोळशाच्या व्यापाऱ्यांनी उद्ध्वस्त केलं होतं, नदीने स्वस्त कोळसा आला तर आपला धंदा बसेल म्हणून. आता तिथे इतकी शांतता असते, शेतं, गाई, शर्यतीच्या वल्ह्यांच्या लांब बोटी. त्यांना दिशा बदलायला वेळ लागतो, लांबूनच वेग कमी करा. आपला पल्ला इथेच संपतो. पुढे स्वाइनफर्ड, केन्शम, हनम लॉक आहेत पण ते दुसऱ्या फेरीसाठी राहू द्या. ब्रिस्टल बघायचंच असेल तर बाथहून रेल्वेने पंधरा मिनिटं. आम्ही तसंच गेलो, कारण बाबांना राजा राममोहन रॉय यांची समाधी बघायची होती. ते १८३३ मध्ये ब्रिस्टलला वारले, आर्नोस व्हेल स्मशानभूमीत देवळासारखी छत्री आहे त्यांच्यावर. बाबांनी बाहेर चपला काढल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

परतीचा हिशोब

परतीला जायच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागतो, नदीवर प्रवाहाविरुद्ध आणि लॉकमध्ये चढण. अंदाज काढायला सोपी पद्धत: मैल आणि लॉक यांची बेरीज करा आणि तिला तीनने भागा, तितके तास. ब्रॅडफर्ड ते बाथचं वरचं लॉक नऊ मैल म्हणजे तीन तास होतात, पण बांधलेल्या बोटींमुळे चार धरा. चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तळापासून तासाभराच्या अंतरावर येऊन थांबा, कारण शेवटच्या सकाळी नऊच्या सुमाराला बोट परत द्यायची असते आणि घाईत हाकलेली बोट हमखास कुणाला तरी लागते. कोणी दमलं असेल, किंवा आई-बाबांना परतीची लॉक नको असतील, तर बाथ स्पाहून ब्रॅडफर्डला रेल्वेने पाव तासात पोचता येतं, मध्ये फ्रेशफर्ड आणि एव्हनक्लिफलाही काही गाड्या थांबतात.

हात मात्र दर वेळी साबणाने धुवा, दोर हाताळल्यावर, जेवायच्या आधी, कारण या पाण्यात उंदरांच्या लघवीतून रोग येतो. हाताला खरचटलं असेल तर पट्टी लावूनच दोर धरा. परतल्यावर पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना बोटीवर होतो हे आठवणीने सांगा.